हॉटेलाचा इतिहास लिहायचाय? आधी टेबलं मोजा

जुन्या हॉटेलाच्या मालकाला "तुमच्याकडे कोण कोण यायचं?" असं विचारलं की पाच नावं मिळतात. तीच पाच नावं गल्ल्यामागच्या फोटोंत असतात, अधूनमधून कुणीतरी पेपरात छापतं, आणि त्यांतले दोघं तरी आयुष्यात एकदाच येऊन गेलेले असतात. त्यावर लेख होतो, इतिहास होत नाही. मी विचारते ते असं: "ते किती वेळ बसायचे? आणि तुम्ही बसू का द्यायचात?"

कलावंत हॉटेलाला परवडत नाहीत, हे आधी मान्य करून टाका. एक चहा, दोन तास गप्पा, टेबलावर पेन्सिलीच्या रेघोट्या आणि शेवटी "मांडून ठेवा". गिऱ्हाईक फिरलं नाही तर धंदा बसतो, हे गल्ल्यावरच्या शेंबड्या पोरालाही कळतं. तरी एखादा मालक त्यांना उठवत नाही, आणि वर्षानुवर्षं उठवत नाही, म्हणजे त्याला कारण असणार. ते कारण शोधणं हेच तुमचं काम. कधी ते मालकाच्या स्वभावात असतं, कधी भाड्याच्या पावतीत, आणि कधी एवढंच असतं की दुपारी तीन ते पाच हॉटेल तसंही ओसच पडलेलं असतं.

मी फोर्टातल्या एका जाहिरात एजन्सीच्या आर्ट डिपार्टमेंटमध्ये नोकरी केली. निवृत्त झाल्यावर आमच्या गिरगावातल्या एका हॉटेलाचा इतिहास लिहिला. त्याचं नाव इथे घेत नाही, मालकांची तशी अट आहे. उदाहरणं देते ती फोर्टाजवळच्या काळा घोडा या भागातली. तिथलं बरंचसं उघड नोंदलेलं आहे, आणि जेवणाच्या सुट्टीत आमची पावलं तिकडेच वळायची.

आधी आजूबाजू बघा

हॉटेलाच्या दारात उभं राहून दहा मिनिटं चालत जाता येईल एवढ्या परिसराचा नकाशा काढा. नाट्यगृह, गॅलरी, छापखाना, पेपरचं ऑफिस, कोर्ट, कॉलेज, स्टुडिओ, स्टेशन, जे असेल ते मांडा. प्रत्येकापुढे ते कधी सुरू झालं ते वर्ष लिहा आणि माणसं तिथून किती वाजता सुटतात तेही लिहा. निम्मा इतिहास इथेच सापडतो.

समोवारचंच घ्या. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ मध्ये सुरू झाली. सर कावसजी जहांगीर यांनी दिलेल्या देणगीतून ती उभी राहिली, वास्तुरचनाकार दुर्गा बाजपेयी. तिथल्या ओसरीवजा लांबट जागेत उषा खन्ना यांनी १९६४ मध्ये कॅफे समोवार काढलं. (संगीतकार उषा खन्ना त्या वेगळ्या. ही गल्लत छापील मजकुरातही होते, तेव्हा सांभाळा.) आता चित्रकार तिथे का जमायचे, याचं उत्तर लोक "वातावरण" असं देतात. वातावरण हे उत्तर नव्हे. ज्या चित्रकाराचं प्रदर्शन लागलंय, त्याला दिवसभर गॅलरीत हजर राहावं लागतं. सकाळी कुणी फिरकत नाही, दुपारी माणूस पेंगतो, आणि संध्याकाळी एखादा गिऱ्हाईक आलाच तर त्याला चित्रांसमोर उभ्या उभ्या किंमत सांगणं अवघड जातं. त्याला घेऊन चार पावलांवर बसायला जागा हवी. समोवार त्या चार पावलांवर होतं. आज याचं प्रदर्शन, पुढच्या आठवड्यात त्याचं, की चित्रकारांची आवक आपोआप चालू.

त्यातून ती जागा रेल्वेच्या डब्यासारखी, लांब आणि अरुंद. एका अंगाला म्युझियमची हिरवळ, दुसऱ्या अंगाला भिंत, मधून जायला-यायला पट्टी. आत शिरलेल्या माणसाला सगळ्यांच्या टेबलांवरूनच जावं लागे. कोण आलंय, कुणाबरोबर आलंय, कुणाचं कुणाशी फिसकटलंय, हे न विचारता कळायचं. चौकोनी हॉलमध्ये हे होत नाही. म्हणून म्हणते, टेबलं मोजा, त्यांची मांडणी कागदावर काढा, दार कुठे, गल्ला कुठे, मोरी कुठे, ते दाखवा. गल्ल्यावरून न दिसणारं टेबल कुठलं, हे तर नक्की बघा. उधारीवाले तिथेच बसतात.

पुण्यात याच्या उलट उदाहरण आहे. लक्ष्मी रोडवरचं पूना गेस्ट हाउस मूकपटांचे दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ मध्ये काढलं. तिथे कलावंत का यायचे, हे जागेच्या नकाशावरून सुटायचं नाही, कारण मालकच त्या बिरादरीतला. तुमचं हॉटेल यांतल्या कुठल्या जातीचं आहे ते लवकर ठरवा. पुढचे सगळे प्रश्न त्यावर अवलंबून असतात.

पाटीवर विसंबू नका

पाटीवरचं स्थापनेचं वर्ष हे बहुतेक वेळा आजोबांनी धंद्याला हात घातला ते वर्ष असतं. या जागेत हॉटेल कधी आलं आणि त्याला हे नाव कधी मिळालं, त्या तारखा निराळ्या निघू शकतात. तिन्ही तारखा वेगळ्या लिहा.

कागद मागताना "जुने कागद आहेत का?" असं मोघम विचारू नका, "नाही" हेच उत्तर येईल. नाव घेऊन मागा. गुमास्ता लायसन्स मागा, पण जुनं असलं तरी ते बहुधा १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखालचं असतं (२०१७ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला), त्यामुळे त्याच्या आधीची तारीख त्यातून मिळेलच असं नाही. महापालिकेचं आरोग्य खात्याचं लायसन्स मागा. ते मुंबईत १८८८ च्या महापालिका कायद्याच्या कलम ३९४ खाली देतात, आणि मालक त्याला नुसतं "तीनशे चौऱ्याण्णव" म्हणतो. तसं विचारलंत की तो जरा सावरून बसतो, ही बाई माहिती काढून आलीय हे त्याच्या लक्षात येतं. पोलिसांचं ईटिंग हाउस लायसन्सही जुन्या फायलीत अडकलेलं असतं.

सगळ्यांत मोलाची भाड्याची पावती. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं मुंबईतली जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. कोपऱ्यावरच्या मोठ्या जागेचं भाडं दशकानुदशकं तेवढंच राहिलं, तर मालकाला एका चहावर माणूस बसू देणं झेपतं. आमच्या गिरगावच्या मालकांनी "आमच्या वडिलांचं मन मोठं होतं" असं सांगितलं, आणि नंतर ट्रंकेतून पावत्या काढल्या. मन मोठं होतंच. भाडंही दोन आकडी होतं. दोन्ही लिहा.

कागद नसतील तर वस्तूंवरून काळ काढता येतो. दरपत्रकात आणे असतील तर ते १ एप्रिल १९५७ च्या आधीचं किंवा त्याच्या लगतचं, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. "न.पै." लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४ मधलं. १९६४ मध्ये सरकारनं "नये" काढून टाकलं आणि पैसा नुसता पैसा झाला. पत्त्यात नुसतं "मुंबई १" असेल तर ते १९७२ च्या आधीचं असण्याची शक्यता मोठी, पिनकोड त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला सुरू झाले. इंग्रजी पाटीवर बॉम्बे आहे की मुंबई, हेही बघा. यातलं एकेक अंदाजे असतं, जुने छापील कागद लोक वर्षानुवर्षं संपवत राहतात. पण तीन गोष्टी एका दिशेनं बोट दाखवू लागल्या की खुशाल लिहा.

फोटो मागाल तेव्हा माणसांकडे शेवटी बघा. आधी पंखे, खुर्च्या, भिंतीवरची पाटी, काचेतून दिसणारा रस्ता. काळ्या घोड्याच्या चौकातला मूळ पुतळा १९६५ मध्ये हलवून राणीच्या बागेत नेला, आणि आताचा स्वाराविना घोडा २०१७ मध्ये बसवला. त्या चौकाच्या फोटोत घोडा आहे की नाही, त्यावर कुणी बसलंय की नाही, एवढ्यावरून काळाचे तीन तुकडे पडतात. सिनेमाही कामाला येतो. समोवारचं आतलं रूप बघायचं तर १९७०च्या दशकातला ‘छोटी सी बात’ बघा. बंद पडलेल्या हॉटेलांसाठी असा पुरावा हातचा सोडू नये.

कागदांसाठी महाराष्ट्र शासनाचं पुराभिलेखागार जहांगीरच्या समोरच, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. जुनी मासिकं आणि दिवाळी अंक चाळायचे तर दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. मजकुराआधी जाहिराती वाचा. हॉटेलांनी दिलेल्या चौकटीतल्या जाहिरातीत पत्ता, पदार्थ, वेळ असं सगळं असतं.

वेटरला कागद द्या

मालकाची मुलाखत घ्या, ती सोपी असते. त्याची वाक्यं पाठ झालेली असतात. खरी गोम वेटरकडे. आणि वेटर बोलत नाही. त्याला वाटतं ही बाई मालकाकडून आलीय.

मला जो भेटला तो कुंदापूरकडचा, आता थकलेला, हॉटेल सुटून बरीच वर्षं झालेली. "लेखक लोक यायचे ना?" म्हटलं. "येत होते." "कोण?" "बरेच." असं अर्धा तास. मग मी वहीचं पान फाडून पेन्सिल पुढे केली आणि म्हटलं, मला टेबलं काढून दाखवा. त्यानं आधी गल्ला काढला, मग भटारखान्याची खिडकी, मग टेबलं, आणि प्रत्येकावर नंबर घातला. चार नंबर काढला नाही. का, तर तिथे खांब होता, नुसती एक खुर्ची मावायची, "ते टेबल नाही, ते मास्तरचं." कुठले मास्तर? एका नाटक कंपनीत पेटी वाजवणारे. प्रयोग नसेल त्या दिवशी चारपासून बसायचे, पाणी कमी चहा, पाव बशीत वेगळा, आणि पेटीवाल्यांची बोटं टेबलाच्या कडेवर सारखी चालू. सात नंबरवाल्यांनी तक्रार केली म्हणून मालकानं मास्तरांना उठवलं नाही, सात नंबरची जागा बदलली. हे मालकाच्या मुलाखतीत नव्हतं. मालकाला मास्तर आठवतही नव्हते.

वेटरची आठवण नंबरावर टांगलेली असते, नावावर नाही. त्यानं दिवसभर "सहाचे साडेतीन" असंच गल्ल्याकडे ओरडलेलं असतं. तेव्हा कलावंतांची नावं घेऊन विचारू नका. सहावर कोण, काय मागवायचं, बिल कोण द्यायचं, एवढं विचारा. नावं मागाहून दुसरीकडून जुळवता येतात.

वेळ साडेतीनची ठेवा. एक वाजता गेलात तर तुम्ही गिऱ्हाईक, सहाला गेलात तर अडगळ. रेकॉर्डिंग करायचं असेल तर मोबाइल टेबलावर उघडा ठेवा आणि विचारून चालू करा. आणि चहाचे पैसे द्या. मालक नको नको म्हणेल, तरी द्या.

भटारखान्यात जायला मिळालं तर बघून घ्या. कलावंतांच्या हॉटेलांत खाणं दुय्यम असतं असा एक गोड गैरसमज आहे. समोवारचे खिमा पराठे, बोटी रोल आणि पुदिन्याचा चहा यांच्यासाठी चित्रांशी काडीचा संबंध नसलेली माणसं यायची, आणि चित्रकारांचा तोटा त्यांच्या बिलांतून भरून निघायचा. कुठला पदार्थ हॉटेल चालवत होता, हे मालकाच्या बायकोला विचारा.

कथा आल्या की काय करायचं

"बिलाच्या बदल्यात चित्र दिलं." ही कथा प्रत्येक हॉटेलात असते. ऐकली की लगेच विचारा, "चित्र कुठेय?" चित्र असेल तर त्याच्या पाठीमागचं बघा, सही, तारीख, चौकट कुणाकडून केली त्याची चिठ्ठी. नसेल तर "असं सांगतात" या दोन शब्दांत आटपा. त्यापेक्षा उधारीची वही मागा. वही सापडली तर सोनं, पण त्यातली नावं छापू नका. माणूस गेला असला तरी त्याची मुलं वाचतात. कुणाकडे किती थकलं होतं यापेक्षा मालक वसुलीला कधी जायचा, जायचाच नाही का, हे लिहिण्यासारखं.

दुसऱ्या कथा अधिक नाजूक. काळ्या घोड्याला वेसाइड इन नावाचं हॉटेल होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथल्या टेबलावर बसून घटनेचा मसुदा लिहिला, असं सांगतात. अशी कथा ऐकली की खोडू नका आणि गिळूही नका, तिचे तुकडे करा. बाबासाहेब हायकोर्टात वकिली करत होते, १९३५ पासून काही काळ गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. ही दोन्ही ठिकाणं तिथून पायी अंतरावर, म्हणजे ते तिथे बसत असणं अगदी शक्य. मसुदा समिती मात्र २९ ऑगस्ट १९४७ ला नेमली गेली आणि तिचं काम दिल्लीत चाललं, तेव्हा ते स्वतः कायदामंत्री म्हणून दिल्लीतच होते. पहिला तुकडा लिहा, दुसऱ्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवा. माझ्या मते पहिलाच तुकडा जास्त मोठा आहे. ज्या काळात शहरातल्या कितीतरी हॉटेलांत दलितांना पेला वेगळा मिळायचा, त्या काळात कुठलं टेबल कुणाला खुलं होतं, हा प्रश्न घटनेच्या मसुद्याच्या कथेखाली दडून जातो.

त्याच वेसाइड इनमध्ये कवी अरुण कोलटकर मित्रांबरोबर बसायचे, गुरुवारी दुपारी. खिडकीबाहेरचा चौक, तिथे इडली विकायला येणाऱ्या बाईभोवतीचा गोतावळा, भटकी कुत्री, हे सगळं त्यांच्या ‘काळा घोडा पोएम्स’मध्ये आलं. २००४ मध्ये ‘प्रास’नं ते पुस्तक काढलं, त्याच वर्षी कोलटकर गेले. इथे पुराव्याची काळजीच नाही. टेबलावरून काय दिसायचं ते पानोपानी आहे. तुमच्या हॉटेलात असं कुणी बसलं असेल तर त्याचं लिखाण, रेखाटनं मिळवा आणि ते घेऊन त्याच खुर्चीत बसून वाचा. काय दिसतं आणि काय दिसेनासं झालंय, ते कळेल.

भिंतीवरच्या पाट्यांचे फोटो आजच काढा. धोबी तलावच्या बस्तानी या इराण्याच्या सूचनांच्या पाटीवरून निस्सिम इझिकेलांनी कविता केली. बस्तानी बंद झालं, पाटी गेली, सूचना कवितेत राहिल्या. सगळ्याच हॉटेलांत इझिकेल येत नाहीत.

कोण बसू शकत नव्हतं

हे विचारायला लोक कचरतात, म्हणून मी आग्रहानं सांगते. बाई एकटी येऊन बसू शकायची का? इराण्याकडे "फॅमिली रूम" असायची, पडदा लावलेली. त्यामुळे सोय झाली आणि बाई दिसेनाशीही झाली. मग तुमच्या इतिहासात सगळे पुरुषच येतात आणि वाचणाऱ्याला वाटतं त्या काळी बायका चित्रं काढतच नव्हत्या. समोवारमध्ये मी एकटी स्केचबुक घेऊन बसायचे, तेव्हा कुणी वळून बघत नसे. ते हॉटेल एक बाई चालवत होती, ही गोष्ट मी त्याच्या कारणांमध्ये धरते. तुमच्या हॉटेलाविषयी किमान तीन बायकांना विचारा. "आम्ही कधी आत गेलोच नाही, पार्सल न्यायचो" हे उत्तरही लिहा, पार्सलच्या खिडकीसकट.

शेवट कसा झाला, किंवा होतोय

समोवार २०१५ च्या मार्चअखेर बंद झालं. जागेचा वाद गॅलरीबरोबर कोर्टात गेला होता, तो तिथे संपला. बंद पडण्याच्या बातम्या भरपूर छापून येतात, पण त्यांत गळा काढलेला असतो आणि कारण एका ओळीत असतं. तुम्ही कारणाला जागा द्या. भाडेपट्टा, पुनर्विकास, भावाभावांतला वाटा, पुढची पिढी परदेशी, बाजूचं नाट्यगृह दुरुस्तीला बंद. यातलं काय, आणि कधीपासून? दादरला कुणी तुम्हाला "१९५८ ला शिवाजी मंदिरचा प्रयोग सुटला की सगळे नट इथे" असं सांगितलं तर लक्षात ठेवा, शिवाजी मंदिर १९६५ मध्ये सुरू झालं. तेच उलटही खरं. नाट्यगृहाचे प्रयोग कमी झाले त्या वर्षापासून रात्रीची चूल किती वाजता विझायला लागली ते विचारा. उत्तर मालकाकडे नसेल, भटाऱ्याकडे असेल.

लिहून झालं की मसुदा आधी मालकाला वाचून दाखवा, प्रत्यक्ष, हॉटेलातच. ज्यांची नावं आहेत त्या हयात माणसांना त्यांच्यापुरता मजकूर दाखवा. मालकानं "हे काढा" म्हटलं तर का ते विचारा. लाज वाटते म्हणून असेल तर समजावून बघा. कोर्टात केस चालू आहे म्हणून असेल तर मुकाट्यानं काढा. टेबलांचा नकाशा मात्र छापाच, हातानं काढलेला.

मग चार-पाच प्रती काढून घ्या, झेरॉक्स असल्या तरी चालतील. एक हॉटेलाला, एक वॉर्डातल्या वाचनालयाला, एक ग्रंथसंग्रहालयाला. रेकॉर्डिंगची नक्कल मालकाच्या घरच्या एखाद्या तरुण माणसाकडे. आणि एक वेटरच्या गावी, पोस्टानं. त्याचा पत्ता मालकाकडे शोधत बसू नका, तो दुसऱ्या वेटरकडे असतो.